आतून ओ कोणी दिली?

ताराता गावच्या टेलिफोन कचेरीत निकानोराबाईंनी एकतीस वर्षं लोकांच्या तारा जोडल्या. कोण खोटं बोलतंय, कोणाला शेजारी उभी राहून बायको चिमटे काढतेय, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. म्हणूनच लेकीने, देल्फिनाने, शहरातून तो बोलका स्पीकर पाठवला तेव्हा सांगितलं, "आई, पंधरा दिवस पारखून बघ. नाही पटला तर परत. पण बाबांशी कोणीतरी बोलायला हवं गं."

बाबा म्हणजे डॉन एवारिस्तो. दोन महिन्यांपूर्वी पुलावर त्यांची बस घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. साधं खरचटलंही नाही, पण तेव्हापासून माणूस खिडकीशी बसलेला. बोलणं नाही, धड खाणं नाही. डॉक्टरने टॉनिक दिलं. गावाने निदान केलं : धसक्याने जीव पुलावरच राहिलाय, हाका मारून आणायला हवा.

बाईंनी स्पीकरची परीक्षा कडक घेतली. हवामान विचारलं, बरोबर. मका शिजायला घालून वेळ लावायला सांगितली, बरोबर. मागच्या अंगणातून, नळ सोडून हाक मारली, तरी ऐकलं. केचुआत, म्हणजे गावकऱ्यांच्या बोलीत, विचारलं तर म्हणाला, "मला समजलं नाही."

"जमीनदाराचा पोरगाच की रे तू!" बाई म्हणाल्या. आवाजाला दहापैकी चार. गोड होता, पण मेला मध्ये श्वासच घेत नव्हता.

हाका मारायच्या त्या शुक्रवारी, तिन्हीसांजेला. एकाने नाव घेत घरापर्यंत यायचं, दुसऱ्याने घरातून, जिवाच्या वतीने, "आलो, आलो" अशी ओ द्यायची. ओ देणारी शेजारीण पास्क्वाला नेमकी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. बाईंनी स्पीकरकडे बघितलं. 'एवारिस्तो, चल' ऐकलं की काय म्हणायचं, ते शिकवलं. पठ्ठ्या एका फटक्यात शिकला. दहापैकी दहा.

नवऱ्याची टोपी छातीशी धरून, पुलापासून हाका मारत त्या दाराशी आल्या.

"एवारिस्तो, चल!"

"आलो, आलो."

दुसरी हाक, दुसरी ओ. तिसरी ओ आली तेव्हा बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं. आणि दोन 'आलो'च्या मध्ये कोणीतरी धाप टाकली.

डॉन एवारिस्तो उठले. हात धुतले, वाडगाभर रस्सा संपवला. बाई रडल्याच. "बरं वाटतंय ना?"

"हो, बरं वाटतंय. आणखी काही मदत हवी आहे का?"

बाईंचे डोळे पुसायचे राहिले.

त्यानंतर नाव घेतलं की ते बोलत, नाहीतर भिंतीकडे बघत बसत. 'पी' म्हटलं की पाणी पीत. उद्या ऊन पडेल का, ते अचूक सांगत. स्पीकर मात्र काही केल्या ऐकेना. संध्याकाळी नुसता खोकायचा.

पास्क्वाला परतली आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं, ओ जिथून येते तिथेच जीव शिरतो! आणि तू डब्याला ओ द्यायला लावलीस?"

"मग तू कशाला गेलीस ऐन वेळी?"

"बाळ काय तुला विचारून येणार होतं?" मग हळूच म्हणाली, "डबा बंद करू आणि पुन्हा हाका मारू."

"बंद केला आणि तो आतच विझला तर?"

पास्क्वालाने छातीवर क्रूसाची खूण केली.

पंधराव्या दिवशी, सोमवारी, देल्फिनाचा फोन आला. "आई, आज शेवटचा दिवस. परत न्यायला माणूस पाठवू?"

तेवढ्यात फडताळावरून आवाज आला, "निके, फार अंधार आहे गं इथे."

त्यांना निके म्हणणारा जगात एकच माणूस होता. तो समोर खुर्चीत बसला होता, हातात चमचा धरून, 'जेव' म्हणण्याची वाट बघत.

"आई? ठेवायचा की नाही?"

"ठेवायचा," बाई म्हणाल्या. "आणि वीज कचेरीत विचार, आमच्याकडची वीज कधी बंद ठेवणार आहेत. अगदी तासासकट."

"इतका आवडला?" देल्फिना हसली.

बाईंनी फोन ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि फडताळाखाली बसल्या. शुक्रवारला चार दिवस होते.

"घाबरू नकोस," त्या वर बघून म्हणाल्या. "या खेपेला ओ पास्क्वाला देईल. तिच्याच आवाजामागे ये. दुसऱ्या कोणाच्या नाही."