वरची एक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर नदीकाठी बसून एक संत्रं खाल्लं. रोहण्याच्या बाजारात घेतलेलं, आंबटढाण निघालं. ते मी सोललं म्हणून लक्षात राहिलं. तीस वर्षांच्या संसारात वच्छलाने मला कधी संत्रं सोलू दिलं नव्हतं. म्हणायची, "तुमी सोलता का खोदता?" त्या दिवशी तिने ते हातात घेतलं, नख लावून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं फुगली होती. नखं मांसात रुतल्यासारखी दिसत होती. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

वच्छला माझी बायको. तिला जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. मी चौथी शिकलेला, लिहायची सवय नाही. पण वडनेरला दिलेली आमची पोरगी म्हणते, बाबा, आई कशी होती ते लिहून ठेवा, माझ्या लेकरांनी तिला पाहिलंच नाही. म्हणून लिहितो. गोड करून लिहिणार नाही. गोड बोलणारा माणूस दिसला की ती पदराची गाठ तपासायची.

आम्ही बांगड्या भरायचो. घर नाचणगावात. बाजाराच्या दिवशी सकाळी पुलगावहून आर्वीची छोटी रेल्वेगाडी धरायची आणि रोहण्याला उतरायचं. ती गाडी आता बंद झाली. दुपारपर्यंत तिथला बाजार करायचा. मग गाडीने न येता वर्धा नदीच्या काठाकाठाने पायी सोरट्याला यायचं आणि तिथून संध्याकाळच्या गाडीने पुलगाव. रोहण्याला बाजार, सोरट्याला बाजार, दोन्हीकडे गाडी, पण मधल्या काठावरच्या तीन गावांना दोन्हींतलं काहीच नाही. तिथल्या बाया वच्छलाची वाट पाहायच्या. पेटी माझ्या डोक्यावर, बांगड्यांच्या माळा तिच्या खांद्यावर. वाहायचं काम माझं, भरायचं काम तिचं.

तिला माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, हात लक्षात राहत असे. एकदा पुलगावच्या फाटकाजवळ एक बाई हसून बोलली, घरची खुशाली विचारून गेली. मी म्हटलं, कोण वं ते? म्हणाली, "मले काय माहीत. हात पदराखाली होता तिचा." लांबून येणाऱ्या बाईचं मनगट पाहून ती माप सांगायची. आमच्यात मापं इंचावर चालतात. लहान हात सव्वादोन, भरलेला हात अडीच, त्याहून मोठा पावणेतीन, सगळ्यांत मोठा तीन. मी पेटी उघडेपर्यंत तिने माप सांगितलेलं असायचं, आणि ते चुकलेलं मी पाहिलं नाही.

भरताना ती बाईचा अंगठा तळहाताकडे दुमडायची, बोटं एकावर एक आणायची आणि सारखी बोलत राहायची. "हात ढिला सोड, माय. ताठ हातात बांगडी जात नाई." बाई हसली, हात सैल पडला की त्या घटकेला बांगडी आत. दोन्ही हात भरून झाले की डाव्या हातात एक बांगडी जास्तीची घालायची. तिला आमच्यात वरची म्हणतात. वरची मोजायची नसते, तिचा भाव सांगायचा नसतो. ती घालताना वच्छला म्हणायची, "हे माह्याकडून." एवढंच. गरीब असो, मालगुजाराच्या घरची असो, वरची एक सगळ्यांना.

हात वाचायची तशी जीभही चालवायची. मधल्या गावात एका घरी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा सुनेचे हात भरायला बोलावलं. वच्छलाने बांगड्या भरल्या, वरची घातली आणि ओट्यावर बसलेल्या सासूला म्हणाली, "बाई, काच काही इतकी कच्ची नाई आमची. तुमच्या पोराले सांगजा, बायकोले मनगटाले धरत नाईत."

सासू म्हणाली, "कासारनीनं बांगड्या भराव्या, घरच्या गोष्टीत काऊन पडावं?"

"हातात आलं तं पडणार. तोंड पाह्यलं असतं तं नसती पडली."

मी पेटी उचलून चालू लागलो होतो. मला वाटलं, आता या गावात पाय ठेवता येत नाही. पण पुढच्या फेरीला त्या सासूनेच हाक मारून पाणी दिलं.

अशा बाईचे स्वतःचे हात भरायचे माझ्याकडे होते. आपले हात आपल्याला नीट भरता येत नाहीत. वर्षातून दोनदा ती माझ्यापुढे बसायची, अक्षय तृतीयेच्या आखाजीला आणि दिवाळीला, आणि मला शिव्या घालत भरून घ्यायची. "गाडीवानाचा हात आहे तुमचा. बैलाच्या शिंगात कडं घालून राह्यले का?" मी वरची घालायला गेलो की हात मागे घ्यायची. "ठेवा. घरच्या घरात वरची कसली?"

लग्नात तिचं माप सव्वादोन होतं. पुष्कळ वर्षं तेच राहिलं. मग एका आखाजीला सव्वादोनाची बांगडी अंगठ्यापाशी अडली. मी अडीचची काढली, सरकन गेली. मला आनंद झाला. जन्मभर कडकी, उन्हातान्हात चालणं, हाडाची काडी झालेली बाई, तिच्या अंगावर आता मांस धरलं असं वाटलं. शेजारी सांगितलंसुद्धा, आमच्या घरची भरून राह्यली. दिवाळीला अडीचही अडली, तेव्हा पावणेतीन काढली. ती त्या वेळी माझ्याकडे पाहत होती. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. बांगडीवाल्याला एवढंच कळतं, अडली की पुढचं माप.

तर तो पौषातला दिवस. रोहण्याहून निघालो तेव्हाच तिची चाल मोडली होती. एरवी ती पुढे, मी पेटीखाली मान दाबून मागे. त्या दिवशी मी थांबायचो, मागे पाहायचो, ती पऱ्हाटीच्या कडेला उभी. म्हणायची, "कापूस पाहून राह्यली." कापूस काय पाहायचा? पहिल्या गावात दोनच बायांचे हात भरले आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या गावात बसली ती उठवेना. तिथून खाली नदीवर आलो. पाणी कमी झालेलं, काठचे दगड उघडे. तिने पाय पाण्यात सोडले. पायाच्या घोट्याचं हाड दिसत नव्हतं. मी तिचा श्वास ऐकत होतो. भाता फाटल्यावर जसा आवाज येतो, तसा.

संत्रं खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "माह्या हाताचं माप सांगा."

"पावणेतीन."

"आन् मागच्या साली?"

मी संत्र्याची सालं गोळा करू लागलो.

"अवो, बांगडीवाल्याच्या बायकोचा हात सुजला, तं त्यानं बांगडी मोठी करून देल्ली." आणि हसली. हसताना तिला ठसका लागला, तो कितीतरी वेळ थांबला नाही.

"तुले समजत होतं तं बोलली काऊन नाई?"

"तुमी किती खुशीत होते. बायको जाडी झाली म्हणून."

मी म्हटलं, ऊठ, आता कुठेही थांबायचं नाही. इथून सरळ शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने सोरटा, गाडी धरायची, उद्या वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात. ती म्हणाली, आधी मंदा. मंदा तिसऱ्या गावची सून. आई नसलेली पोट्टी, लग्नात वच्छलानेच तिचे हात भरले होते. आज तिची सातव्या महिन्याची ओटी होती आणि वच्छलाने शब्द दिला होता.

"मंदाच्या घरी गेलो तं गाडी जाते."

"जाऊ द्या. पोट्टी हात मोकळे ठेवून बसली असन."

"तू मरशील वाटेत."

"मग तं मंदाच्या घरून गेलेलंच बरं. सोय होईन."

तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही. पेटी उचलली. सूर्याकडे पाहत, तिच्या पायांकडे पाहत, पुन्हा सूर्याकडे. तुरीच्या शेतातून जाताना ती शेंगा धरून धरून चालत होती. तूर काय आधार देणार?

मंदा खरंच हात मोकळे ठेवून पाटावर बसली होती. अंगणात बाया, मध्ये ओटीचं सूप. वच्छलाने हिरव्या बांगड्या घेतल्या आणि भरू लागली. बोटं फुगलेली, दम लागलेला, पण मंदाच्या हाताला एक ओरखडा नाही, एक बांगडी वाढली नाही. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. वरची घातली, "हे माह्याकडून" म्हणाली. तेव्हा मंदाने तिचा हात सोडला नाही. उलटा करून पाहिला, बोटाने दाबला. दाबलेल्या जागी खळगा पडला, तो भरून आला नाही.

"मावशी, हे काय वं?"

मंदाची सासू पुढे आली. तिने तो खळगा पाहिला आणि माझ्याकडे वळली. "भाऊ, माह्या जावेचं असंच होतं. काळीज थकते तवा अंगात पाणी साचते. आजच्या आज यायले दवाखान्यात न्या."

सगळ्या अंगणाने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या हातांची मापं माहीत असणारा मी, आणि घरचा एक हात मंदाला वाचता आला. मी पेटीला कडी लावली.

सोरटा दीड कोस. मंदाच्या नवऱ्याची बैलगाडी मळ्यात गेलेली. आम्ही निघालो. मी दहा पावलं मोजायचो, थांबायचो, दहा मोजायचो. स्टेशन तीन शेतांवर राहिलं आणि गाडीची शिटी ऐकू आली. रूळ तिथून जवळ होते. मी पेटी धुऱ्यावर टाकली, पहिल्यांदा आयुष्यात टाकली, आत काच खळखळली. दुपट्टा फिरवत रुळाकडे पळालो. ती गाडी इतकी हळू चालायची की पोट्टे उतरून बोरं खाऊन परत चढायचे. त्या दिवशी मात्र मला ती वाऱ्यासारखी वाटली. गार्ड आम्हाला ओळखत होता. गाडी उभी राहिली.

"काय काका," तो डब्यातून वाकून म्हणाला, "गाडी आहे का तुमचा बैलाचा खासर?"

अशा वेळी वच्छला त्याला सोडत नसे. त्या दिवशी ती नुसती हात पुढे करून उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं, खाली उतरला, तिला धरून वर चढवलं आणि माझी पेटीसुद्धा आणून दिली. मला वाटलं, झालं, गाडी मिळाली म्हणजे सगळं मिळालं. मी खिडकीशी बसून मनात उद्याची तयारी करत होतो. कोणती पिशवी, किती भाकरी, वर्ध्याला कुठल्या बाजूने जायचं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "सकाळच्या गाडीनं वर्ध्याले जाऊ."

ती म्हणाली, "तुमी म्हणान तसं."

हे ऐकून मला जी भीती वाटली ती नदीवरही वाटली नव्हती. तीस वर्षांत ती हे बोलली नव्हती.

पहाटेच उठून मी चहा ठेवला. पिशवी भरली, दोन लुगडी, लोटा, चादर. चहा घेऊन खाटेपाशी आलो तर ती गेलेली होती. मी कप खाली ठेवला आणि चहा सांडू नये म्हणून तो आधी भिंतीशी सरकवला. असं का केलं ते मला आजही कळत नाही.

शेजारच्या बाया आल्या. पोरीला निरोप गेला. वच्छलाला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली, हिरवा चुडा भरायचा. मी पेटी उघडली. आदल्या दिवशी टाकली होती, पुष्कळ बांगड्या वाढल्या होत्या. एक बाई म्हणाली, "काका, मोठ्यातल्या मोठ्या द्या, सरकन जातीन. वेळ कशाले लावता?"

मी म्हटलं, भरतो मी. आणि मोठ्यातली मोठी काढली नाही. पावणेतीनच्या निवडल्या. तिच्या हाताला ढिली बांगडी मी आता घालणार नव्हतो. साबण मागवला. तिचा हात मांडीवर घेतला, अंगठा दुमडला, ती दुमडायची तसा. हात थंड होता, ताठत चालला होता. एकदा अडली. मी हळूच म्हणालो, "हात ढिला सोड वं." बायांनी तोंडाला पदर लावले. मी घाई केली नाही. उजवा भरला, डावा भरला. माझ्या गाडीवानाच्या हाताने एकही बांगडी वाढली नाही.

तेवढ्यात पुलगावकडून गाडीची शिटी आली, वर्ध्याला जाणारी, आम्ही धरणार होतो ती. मी पेटीतून आणखी एक काढली आणि तिच्या डाव्या हातात घातली. या वेळी तिने हात मागे घेतला नाही.