डाव्या खिशातला प्लग

मामांच्या शर्टाला दोन खिसे असत आणि दोन्हींत एकेक ग्लो प्लग. डावीकडे गरम, उजवीकडे थंड. बजाजनगरच्या आम्हा रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या रिकामटेकड्यांत त्यांचं नावच पडलं होतं, दोनखिशे मामा.

नायट्रो इंधनावर पळणाऱ्या त्या हातभर गाड्यांत ठिणगी नसते. प्लगमधली तार निखाऱ्यासारखी धगधगत राहते, त्यावर इंजिन चालतं. हवा गार असली की तार विझते, म्हणून गरम प्लग. ऊन चढलं की तोच प्लग इंजिन भाजून काढतो, म्हणून थंड. आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी कानटोपी आणि दुपारी घामाच्या धारा. एकाच दिवसात दोन्ही लागायचे.

आम्ही मोबाइलवर तापमान बघायचो. मामा मेंढरं बघायचे. घराणं मेंढपाळाचं, नोकरी वाळूजच्या कारखान्यात लेथवर. त्या दुष्काळी वर्षांत आटलेला तलाव हेच आमचं मैदान, आणि कडेला एक कळप कायम असे.

"मेंढरं चिकटून हायेत तवर डावा खिसा," मामा म्हणायचे. "पांगली की उजवा. तुमचा मोबाइल कधी थंडीनं कुडकुडलाय व्हय?"

त्यांची गाडी कुणीतरी भंगारात टाकलेली. इंजिनाची आतली नळी मामांनी पाळी संपल्यावर थांबून थांबून स्वतः घडवली होती. "दुसरी बनवायला आता नजर ऱ्हायली नाय," असं ते एकदा बोलून गेले होते.

एका रविवारी सकाळी घरून फोन आला, पाण्याचा टँकर आलाय. मामांनी रिमोट माझ्याकडं दिला, उजव्या खिशातला प्लग तळहातावर ठेवला. "मेंढरं पांगली की बदल."

"मामा, मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस."

मी गाडी पळवण्यात असा रंगलो की मेंढरांकडं बघितलं ते थेट भरदुपारी. ती एकमेकांना घट्ट चिकटून उभी! माझा शर्ट पाठीला चिकटला होता, मित्र सावली शोधत होते. पण मामांचा नियम म्हणजे नियम. "अजून थंडी आहे," असं मी घाम पुसत जाहीर केलं. थोड्याच वेळात इंजिन तडतडलं, किंचाळलं आणि कायमचं जाम झालं.

मामा पाणी भरून, दमून परतले. इंजिनाला हात लावला. चटका बसला असणार, पण हात काढला नाही.

"मेंढरांच्या मुंड्या कुठं होत्या?"

"मुंड्या?"

"थंडीत अंगाला अंग लावत्यात. उन्हात दुसरीच्या पोटाखाली मुंडी लपवत्यात." मग हळूच म्हणाले, "मीच अर्धं सांगितलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी प्लग परत देऊ लागलो. "ऱ्हाऊ दे. मला आता कशाला?" गाडी पोत्यात गुंडाळून ते निघाले. पुढं कंपनीतून सुटले आणि गावी भावाच्या कळपाकडं गेले. तलावाच्या काठापर्यंत प्लॉटचे दगड आले, मग इमारती.

परवा त्यांचा फोन आला. "थंडी हाय का रं तिकडं?"

मी खिडकीतून बघितलं. "कसं सांगू मामा? मेंढरंच नाहीत आता."

मामा म्हणाले, "इथं बी नायत. चारा नव्हता. इकली."

माझ्या उजव्या खिशात तो प्लग होता. अजून एकदाही न तापलेला.