धुऊन काढलेली गळती

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गाडी धुण्याचं भारी वेड. रोज सकाळी बालदी, फडकं आणि ब्रश घेऊन चाकं आतून-बाहेरून घासायची. देवासच्या आमच्या घरात त्यांना कुणी उलटून बोलत नाही. त्या आठवड्यात मी बोलले.

झालं असं, की ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसायला लागलं. दोन-तीनदा दाबलं की पुन्हा वर. मिस्त्रीने ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, डबीत ब्रेक ऑइल भरलं. "हवा पकड़ ली थी भाभीजी, अब टनाटन." चार दिवसांत पुन्हा तेच, आणि डबीतलं ऑइल कमी.

"भिया, मग ऑइल जा कहाँ रहा है?" मी मिस्त्रीला विचारलं.

तो गाडीखाली वाकला. "कहीं लीक नहीं, एकदम सूखा."

"झालं समाधान?" मामंजी म्हणाले. "बायकांना पेडल नीट दाबताच येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी ते माझ्या लेकीला याच गाडीतून मांडूला नेणार होते. वाटेत नालछा गावाच्या पुढच्या उतारावर पेडल खाली गेलं तर?

दुसऱ्या दिवशी मामंजी चाकं घासत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, गळतंय ते तुम्हीच रोज धुऊन काढताय! मी बालदी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि किल्ली पदराला बांधली.

"आता गाडीला पाणी लागणार नाही. आणि ती फाटकाबाहेरही जाणार नाही."

"गाडी माझी आहे!"

"पोरगी माझी आहे."

घरात अबोला. धरा म्हटलं, खुशाल धरा! गळायचं ते गळून दिसावं म्हणून मी अंगणात उभ्या गाडीत बसून सकाळ-संध्याकाळ ब्रेक दाबत राहिले. शेजारीण भिंतीवरून बघून हसायची. हसो बापडी.

शनिवारी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसला. बोट लावलं. पाणी कसलं, चांगलं बुळबुळीत होतं. मिस्त्रीने चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडला. आतल्या छोट्या सिलिंडरचं रबर फाटलेलं, ब्रेकचे पट्टे ऑइलने चिंब. मामंजी खुर्ची ओढून चाकापाशी बसले आणि फाटलेलं रबर बोटांत धरून बघू लागले.

सगळं नवीन बसवून आम्ही पुढच्या रविवारी निघालो. त्यांनी किल्ली मागितली. मी दिली नाही, मीच चालवली. धार गेलं, नालछा गेलं, आणि उतारावर अचानक म्हैस आडवी आली. पाय दिला. पेडल वरच घट्ट थांबलं, गाडी जागच्या जागी उभी.

आरशात पाहिलं तर मागच्या सीटवर मामंजींचा हात पोरीच्या छातीवर आडवा होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "यापुढे गाडी धुवायची तर आधी तुम्हाला विचारीन."

"विचाराच," मी म्हटलं, आणि गियर टाकला.