डोकेदुखीवर कान टोचून मिळणार नाहीत

माझ्या सासूबाई कान टोचतात. बाजाराच्या गल्लीत, चष्म्यांच्या आणि किल्ल्यांच्या दुकानांमध्ये त्यांचं दुकान: एक खुर्ची, वाकवता येणारा दिवा, हातआरसा, हातमोज्यांचा खोका. अंगाने किडकिडीत आणि जिभेने तिखट, म्हणून अख्खी गल्ली त्यांना टाचणीकाकू म्हणते, तेही तोंडावर. मी आई म्हणते. मनातल्या मनात कधीकधी टाचणी.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. आधी पेनाने ठिपका काढायचा, गिऱ्हाइकाच्या हाती आरसा द्यायचा आणि आपण पाठ फिरवून उभं राहायचं. "मी समोर असले की लोक भिडेपोटी हो म्हणतात," त्या सांगतात. "भोक पडल्यावर नाही म्हणून काय उपयोग?"

मी शाळेची व्हॅन चालवते. मध्यंतरी अर्धशिशी मागे लागली होती. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचायचा, मग अर्धं डोकं कुणीतरी पान्याने आवळायला लागायचं. एकदा तो उजेड भर रस्त्यात आला. मागे मुलं गात होती. मी व्हॅन कडेला घेतली, चावी काढली आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. माझ्या जागी दीर जाऊ लागले. रोज सकाळी खिडकीतून ते बघताना मला रडू यायचं.

त्याच सुमारास एक नवं खूळ आलं. कानाच्या आतली जाडसर घडी टोचून तिथे कडी घातली की मायग्रेन पळतं म्हणे. पलीकडच्या रस्त्यावरच्या पार्लरने तशी पाटी लावली आणि आईंची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. यावर आईंनी काय करावं? त्यांनीही पाटी लावली: डोकेदुखीवर कान टोचून मिळणार नाहीत. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, "आई, माझा तरी टोचा. घरात औषध असून मी का मरू?"

"औषध नाही ते, तिथेच तर गोम आहे. अगं, माणूस टोचायला येतो कधी? डोकं फुटायची वेळ आली की. ते दुखणं तसंही उतरणारच असतं. टोचून घरी गेला, उतरलं, की श्रेय कडीला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला!"

"काहींचं महिनोन्महिने थांबतं."

"थांबत असेल. 'काकू, पुन्हा सुरू झालं' म्हणत परत आलेलेही मी पाहिलेत. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते तुला टोचू?"

"मग मी पार्लरमध्ये जाते," म्हणत मी चपला घातल्या. त्यांनीही घातल्या. दुकानाचं दार ओढून घेतलं, माझा दंड धरला आणि थेट डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं. वर म्हणाल्या, "बरी हो. मग टोचीन, शोभेसाठी."

रोजची गोळी, वेळेवर झोप, वेळेवर जेवण. गोळी लागू पडेपर्यंत बरेच हाल झाले. डोकं उठलं की आई खिडकीला जाड चादर लावायच्या, कपाळावर ओली पट्टी ठेवायच्या आणि तोंड बंद करून बसायच्या. टाचणीकाकू गप्प! एवढा त्याग माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेला नाही. हळूहळू दुखणं विरळ झालं. साफ गेलं नाही, पण डॉक्टरांनी व्हॅन चालवायला परवानगी दिली. मग आईंनी शब्द पाळला. ठिपका काढला, आरसा दिला, पाठ फिरवली आणि माझ्या कानाच्या त्याच घडीत बारीकशी कडी आली.

इथे मात्र त्या चुकल्या. कडी सगळ्यांना दिसते, गोळी कुणाला दिसत नाही. टाचणीकाकूंनी सुनेला गुपचूप बरं केलं, असं गल्लीभर झालं. एका दुपारी मी दुकानात असताना बेकरीवाली आली. दुखण्याने एक डोळा मिटलेला.

"घरच्यांना एक आणि आम्हाला एक का, काकू? मला पण टोचा."

"अगं, तिला शोभते म्हणून घातलीय."

"मग काढून दाखवू दे."

जखम केव्हाच भरली होती. काढायला काहीच हरकत नव्हती. माझा हात कानापर्यंत गेला आणि अडला. काढली आणि तो उजेड परत आला तर? मागे मुलं असताना आला तर? रोज गोळी घेत होते, आणि भरवसा ठेवला होता कडीवर!

आईंनी माझा हात पाहिला. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं. पण त्या बेकरीवालीला म्हणाल्या, "बघ, माझ्याच घरात हे. तुला मी हसत नाही गं. दुखण्याची धास्तीच तशी असते. चल डॉक्टरांकडे, मी बसते तुझ्याजवळ."

व्हॅन बाहेरच होती. दवाखान्यात बेकरीवाली आत गेल्यावर मी बाकावर आईंशेजारी बसले आणि कडी काढू लागले. निघता निघेना. शेवटी निघाली, ती मी त्यांच्या हातात दिली.

"शाळा सुटायची वेळ झाली," मी म्हटलं. "अशीच जाते."

"मी येऊ?"

"नको. तुम्ही तिच्याजवळ बसा."

सगळी मुलं घरोघर पोचवून मी दुकानात आले. आई दारातच उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. मला खुर्चीत बसवलं, कडी स्पिरिटने पुसली आणि माझ्या कानात घातली.

"आता ही शोभेची झाली," त्या म्हणाल्या.