तांब्याचा हंडा आणि कांताबेनचे उपास

घडियाळी पोळ या आपल्या गल्लीतल्या मंडळींनो, मी कांताबेनवर ओरडलो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. म्हणून हा कागदही सगळ्यांसमोर, वाचनालयाच्या फळ्यावर लावतोय.

माझ्या काचेच्या पेटीतले मासे मरत होते. समोरच्या कांताबेन पुण्य म्हणून त्यांना रोज चिमूटभर कणीक घालायच्या. मी भर पोळीत म्हणालो, "तुमच्या पुण्यानेच माझे मासे मेले!" जैन बाईला हे बोललो मी. त्या घरात गेल्या, पुन्हा आल्या नाहीत.

मासे मात्र मरतच राहिले. काल पेटी धुताना काही मासे मातीच्या माठात, नळाच्या पाण्यात ठेवले आणि तिथेच विसरलो. बाकीचे पेटीत सोडले. आज सकाळी माठातले मजेत, पेटीतले सगळे पोट वर करून तरंगत होते.

आपल्या संस्थानच्या महाराजांनी घरोघरी नळ आणले, तरी आमच्याकडे पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवल्याशिवाय शुद्ध होत नाही. पेटीतही मी तेच भरायचो, हंडा चिंचेने लख्ख घासून; तांबं पाण्यात उतरत होतं. माणसाला पवित्र ते पाणी माशांना विष होतं.

तसाच कांताबेनकडे गेलो. त्यांची सून म्हणाली, "आमच्या बा तेव्हापासून उपास करतात, भाई. मासे मारल्याचं प्रायश्चित्त."

मी हंड्याचं सांगितलं. कांताबेन क्षीण आवाजात म्हणाल्या, "सारुं थयुं, बरं झालं, भाई, माठातले तरी वाचले. त्यांना कोणी कणीक घातली का?"

मंडळी, कुणीच घातली नव्हती.