जोगदंडसरांची खर्पुडी

बॉटनी शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से गाजरगवतासारखे वाढतात. कुणी पेरत नाही, पाणी घालत नाही, तरी माजतात! सत्तरच्या दशकात जालन्याच्या आमच्या कॉलेजात जेवढे माजले, त्यातले निम्मे एका वेलाचे आणि आमचे विभागप्रमुख जोगदंडसर यांचे.

सर पुढच्या दिवाळीला रिटायर होणार होते. त्याआधी खर्पुडी स्वतः वाढवायची आणि तिचं फूल डोळ्यांनी बघायचं, एवढाच त्यांचा ध्यास. खर्पुडी म्हणजे रुईच्या कुळातला रानवेल. जमिनीत कंद, आणि फूल इवल्याशा कंदिलासारखं. पण फूल आल्याशिवाय वेल तोच की दुसरा, हे छातीठोक सांगता येत नाही.

*

हसनाबादजवळच्या माळावर आम्ही सहलीला गेल्तो. तिथं सरांना एका झुडपाखाली तसले सात-आठ वेल दिसले. त्यातला एक कुंडीत लावायचा ठरला. कंदाला इजा नको म्हणून सरांनी डब्यातला चमचा काढला आणि माती चिमूटचिमूट उकरायला लागले. रस्त्यानं जाणारे थांबले.

"सर, काय काढून राह्यले?"

"बोलू नका! मोलाची चीज हाय!"

झालं! पुढच्या रविवारी आम्ही बाकीचे वेल बघायला गेलो, तर अख्खा माळ खणलेला. निझामाचं सोनं निघालं म्हणून चार गावचे लोक कुदळी घेऊन आले होते! सोनं कुणालाच मिळालं नाही आणि वेलही एक उरला नाही. आता जगात जे काही होतं ते सरांच्या कुंडीत.

*

हिवाळ्यात तो वेल वाळून गेला. सगळा स्टाफ तोंडं पाडून सरांना भेटायला आला. सर म्हणाले, "अरे, गेला न्हाई, झोपलाय! कंद जिता हाय. पाऊस पडला की उठंल."

आमचे लॅब अटेंडंट रखमाजीमामा फार भाविक माणूस. दुसऱ्या दिवसापासून ते त्या कुंडीशेजारी स्टूल टाकून बसले आणि पोरं आली की तोंडावर बोट ठेवायला लागले. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही.

"साहेब, जरा हळू बोला. रोप झोपलंय."

साहेबांनी कुंडीतल्या कोरड्या मातीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि राहिलेली तपासणी खरोखरच कुजबुजत उरकली!

*

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी कुंडी घरी न्यायची ठरवली. टांगा बोलावला. धक्के बसू नयेत म्हणून कुंडी मांडीवर आणि पुस्तकांचे गठ्ठे दोन्ही बाजूंना टेकू म्हणून. बाजाराच्या पिशव्या घेऊन सरांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, उभ्याच.

"मी कुठं बसू?"

"तू ये ना मागून सावकाश. तुला कुठं कंद हाय!"

पुढचे तीन दिवस सरांच्या घरी स्वयंपाकही सावकाशच झाला.

*

पाऊस पडला आणि खरंच कोंब आला! सरांनी आम्हाला पेढे वाटले. पण झूऑलॉजीचे जाधवसर म्हणाले, "सर, ही खर्पुडी कशावरून? रुईच्या कुळातली तरी हाय का?"

"मंग तुम्हीच सांगा कसं बघायचं."

जाधवसरांनी रुईच्या झाडावरची एक पट्टेरी अळी आणली. ही अळी त्या कुळाबाहेरचं पान तोंडात धरत नाही, बिलकुल शास्त्रीय परीक्षा! अळी वेलावर ठेवली आणि दोघं विद्वान चहाला गेले. चहावर वाद रंगला. परत येऊन बघतात, तर निम्मा वेल फस्त!

सर मटकन खाली बसले. जाधवसरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अभिनंदन, सर! कूळ पक्कं झालं."

*

उरलेल्या निम्म्या वेलाला नेमकं गणेश चतुर्थीच्या सकाळी फूल आलं. एकच! सर सायकल काढून जाधवसरांना आणायला पळाले. इकडे वहिनींना पत्री कमी पडत होती. अंगणात दिसला तो कोवळा शेंडा त्यांनी फुलासकट खुडला आणि गणपतीला वाहिला.

सर येऊन बघतात तर फूल देवाच्या सोंडेवर! उचलायला हात पुढे केला तर वहिनी आडव्या. "वाहिलेलं फूल काढायचं न्हाई. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या."

"उद्यापर्यंत सुकंल ते! गणपती आजच बोळवू या का?"

"दीड दिवसाचा पाहुणा तुम्ही दीड तासात घालवता का?"

जाधवसर म्हणाले, "खर्पुडीच्या फुलात शिरलेली माशी आत कोंडली जाते म्हणतात. काढू नका, नुसती माशी दाखवा. मंग मानतो मी."

शेवटी उजेड आरपार यावा म्हणून सरांनी समई फुलाच्या मागे सरकवली, भिंग डोळ्याला लावलं आणि गणपतीपुढे गुडघे टेकले. तेवढ्यात शेजारच्या आजी आरतीला आल्या. जन्मात देवाला हात न जोडणारा माणूस गुडघ्यांवर बघून त्यांना भरून आलं.

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "दिसलं! जाधव, दिसलं हो!"

आजींनी लगबगीनं हात जोडले. "काय दिसलं, सर?"

"माशी! आज्जी, जिती माशी!"

जाधवसरांनी भिंग ओढून घेतलं. "खरंच की हो! फिरून राह्यली आत!" दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि गणपतीसमोर हमसून हमसून रडायला लागले.

आजींनी वहिनींना हळूच बाजूला घेतलं.

"बाई, ह्ये दोघं एकदमच रिटायर होऊन राह्यले का?"