सिद्रामप्पांचा टावेल

आता सगळं निवळलंय, म्हणून सांगायला हरकत नाही. मध्यंतरी दोन महिने आमच्या लातूरकडच्या मुरुडच्या बाजारपेठेत दुसरा विषयच नव्हता, आणि त्या विषयात ज्याला त्याला अक्कल फुटली होती. ज्यांनी जन्मात मूठ वळली ती फक्त शेंगा खाताना, तेसुद्धा मला ऐकवायचे, "डावा हात खाली सोडला, तिथंच घात झाला." माझं भांड्यांचं दुकान सिद्रामप्पांच्या सरकी-पेंडीच्या दुकानाला लागून आहे. त्यामुळे ही सगळी पंचायत माझ्याच ओट्यावर भरायची आणि मला पळून जायला जागा नव्हती.

सिद्रामप्पा म्हणजे कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि खांद्यावर टावेल. पैकी टावेलाला काम जास्त. घाम पुसायला तो, बसायची जागा झटकायला तो, आणि गिऱ्हाईक फार डोकं खायला लागलं की टोक चावत बसायलाही तोच. या माणसाला नाद एकच, कुस्तीचा. स्वतः कधी लंगोट कसला नाही, पण आसपासच्या गावांत जत्रेचा फड लागला आणि सिद्रामप्पा नाहीत असं झालं नाही. आपल्या गड्यानं डाव टाकला की आमच्याकडे कुणी फेटा उडवतो, कुणी टोपी. सिद्रामप्पा टावेल उडवायचे. एकदा तो हलगीवाल्याच्या तोंडावर जाऊन बसला आणि त्या बिचाऱ्यानं तसाच आंधळा ठेका धरला होता.

बापाचा नाद लेकीत उतरला, फक्त वाट बदलून. मंजुश्री बॉक्सिंगमध्ये गेली. लातूरला संगमेश्वर सरांच्या हाताखाली तयार झाली आणि पुढं व्यावसायिक लढतीही खेळायला लागली. मला हा खेळ आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकमेकींच्या नाकावर मारायचं आणि वर मिठी मारायची, हे माझ्या डोक्यात बसत नाही. पण ही बाप-लेक एकेका लढतीवरून जी भांडायची, ते ऐकायला मी वजनकाटा सोडून बाहेर यायचो.

"मागं मागं काय सरत व्हतीस गं? फुगडी खेळून राहिली व्हतीस का?"

"अप्पा, तिला अंगावर घ्यायची व्हती. त्याला डाव म्हणत्यात."

"डाव कसला, भ्यालीस तू."

"तुम्ही या की मग रिंगणात. बघू कोण भितंय."

भाकरी जास्त भाजली तरी ती बापाशी भांडायची आणि बॉक्सिंगवरून तर दिवसभर. दोघांचं प्रेम भांडणातच मुरलेलं होतं. तिची आई, लक्ष्मम्मा, म्हणायची, घरात आवाज असला की मला स्वयंपाक सुचतो.

तर झालं असं. हैदराबादला मंजुश्रीची लढत ठरली, समोर हरियाणाची एक उंच मुलगी. संगमेश्वर सरांचा नेहमीचा मदतनीस ऐन वेळी तापानं आडवा झाला. कोपऱ्यात बादली, बर्फ आणि स्टूल सांभाळायला माणूस हवा होता, म्हणून सरांनी अप्पांनाच घेतलं. फेरी चालू असताना वर चढायचं नाही, ओरडायचं नाही, सगळं नीट समजावलं. अंगात कोपऱ्याचा टी-शर्ट घातला आणि खांद्यावर एक पांढरा टावेल टाकला. त्या टावेलाविषयी मात्र सर काही बोलले नाहीत. ती सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नसणार.

चौथ्या फेरीत तो टावेल उडत जाऊन रिंगणाच्या मधोमध पडला. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातून टावेल टाकला, म्हणजे आमचं माणूस हरलं, लढत थांबवा. रेफरीनं तो पाहिला आणि दोन्ही हात हलवून लढत थांबवली. हरियाणाच्या मुलीचा हात वर गेला. मंजुश्री रिंगणात उभ्या उभ्या आपल्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर न्यायनिवाडा सुरू झाला. मोबाईल दुरुस्त करणारा उमाशंकर तो व्हिडिओ दाखवायचा आणि थांबवून थांबवून चुका काढायचा. "हे बघा, पहिली अख्खी फेरी दोराला टेकून घालवली. दोराला टेकून कुणी लढत जिंकलंय का? हे बघा, डावा हात खाली." रिंगणाभोवती तीन पंच बसतात आणि प्रत्येक जण आपापल्या मनानं फेरी कुणाची ते ठरवतो. जिची फेरी तिला दहा, दुसरीला नऊ. टावेल पडेपर्यंत दोघांनी समोरचीला वर धरलं होतं, एकानं आमच्या मंजुश्रीला. झालं, त्यावरून वेगळा वाद.

ग्यानोबा हा आमचा जुना पैलवान, आता शेती बघतो. त्याला हे गुणांचं प्रकरणच मान्य नव्हतं. "तीन माणसं तीन बाजूला बसणार, तिघांना तीन दिसणार, ह्यात इनसाफ कुठला? पोरीची पाठ लागली का? न्हाई लागली. मंग हरली कशी?"

"पैलवान, हितं पाठ लागायची गरज नसती," उमाशंकर म्हणाला.

"मंग खेळता कशाला? घरी बसून दहा-नऊ, दहा-नऊ करा की."

दुसरी फेरी कुणाची यावरून दोघं एकदा इतके तापले, की माझी दोन पातेली ओट्यावरून खाली गेली. पोचे अजून आहेत, दाखवतो कुणाला हवं तर. पण टावेलावर मात्र दोघांचं एकमत होतं. पोरगी मार खात होती, बापाला बघवलं नाही, त्यानं जिंकण्यापेक्षा लेकीचा जीव मोठा मानला. हैदराबादहून येऊन एस.टी. स्टँडवर उतरलेल्या सिद्रामप्पांना ग्यानोबानं तिथंच मिठी मारली होती आणि म्हणाला होता, "बरं केलंस, लेकीला वाचवलीस." सिद्रामप्पांनी नुसती मान हलवली. त्या एका मान हलवण्यातून पुढं सगळं रामायण झालं.

मला संशय होताच, कारण चुका काढता काढता उमाशंकरचा व्हिडिओ चौथ्या फेरीपर्यंत कधी पोचतच नव्हता. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी सरळ विचारलं, "सिद्रामप्पा, खरंच पोरगी एवढी मार खात होती का हो?"

बराच वेळ टावेलाचं टोक चावून झालं. मग हळूच म्हणाले, "राजशेखर, कुणाला बोलू नको. तिनं त्या पोरीला कोपऱ्यात कोंडली. बरगडीत डावा हाणला आन् वर उजवा. असा बसला, की मला आवाज आला. मी भानावरच न्हाई राहिलो. मला वाटलं, आपण जत्रेत हाव. उडवला टावेल."

मला आधी हसू फुटलं. नंतर त्यांचं तोंड बघून ते आतल्या आत मरून गेलं.

"मग मंजुश्रीला सांगितलंत का?"

"काय सांगू? तुझा बाप येडा हाय म्हणून सांगू? खुशीत उडालो आन् तुझी लढत बुडवली म्हणून? हे लोक म्हणून राहिलेत तेच बरं हाय. त्यात निदान बापाची लाज तरी राहती."

मी चिडलो. लाज राखायच्या नादात हा माणूस लेकीला गमावून बसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. कारण मंजुश्री बदलली होती. हैदराबादहून आली ती शहाणी होऊन. "हो अप्पा." "नको अप्पा." "जेवायला वाढू का अप्पा?" एकदाही भांडली नाही. लातूरला सरावाला जायचं बंद केलं. नांदेडला पुढची लढत ठरत होती, तिला नाही म्हणून कळवून टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायची, खांदा दुखतोय. लक्ष्मम्मा एकदा कढई घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, घरात दोघंबी शहाणे झालेत. मला भ्या वाटून राहिलंय." मी तिच्यासमोरच सिद्रामप्पांकडे बघितलं. ते सरकीचं पोतं शिवायला लागले.

आणि अशात आमच्या लोकांना सत्काराची उबळ आली. आमच्याकडे कुणाचं काही बरं झालं की सत्कार आणि वाईट झालं तर तेही साजरं करायची तयारी. उमाशंकरनं पुढाकार घेतला. बसवेश्वर मंदिराचा सभामंडप ठरला, रविवारी सकाळी. "लेकीच्या जिवापुढं विजय तुच्छ मानणारे पिता" असा फलकसुद्धा लागला. सिद्रामप्पांनी नाही-नाही म्हणून पाहिलं. पण आमच्याकडे सत्काराला नाही म्हणणं म्हणजे आणखी मोठेपणा, त्यामुळे लोकांचा उत्साह वाढलाच.

मंजुश्रीला बापाशेजारी बसवलं होतं. स्वतःचेच हात मांडीवर गुंतवलेले, नजर खाली. उमाशंकरचं भाषण लांबलं. पंचांनी कसा घोटाळा केला, पहिल्या फेरीत डावपेच कसे चुकले, सगळं आलं. शेवटी तो म्हणाला, "पण सिद्रामप्पांनी ओळखलं, की आपली लेक आता टिकणार नाही. ते ओळखायला बापाचंच काळीज लागतं."

माझं लक्ष मंजुश्रीकडे होतं. "टिकणार नाही" हे शब्द आले तेव्हा तिनं खालचा ओठ दातात धरला. तेच बहुधा सिद्रामप्पांनाही दिसलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला आणि ते माईकसमोर उभे राहिले.

"शरणु शरणार्थ. मला बोलता येत न्हाई. उमाशंकर बोलला ते लई चांगलं व्हतं. पण त्यात खरं काईच न्हाई."

लोक कौतुकानं हसले. विनय वाटला त्यांना.

"हसू नका. मी पोरीचा जीव वाचवाय टावेल टाकला न्हाई. तिचा जीव मजेत व्हता. तिनं समोरचीला असली हाणली, असली हाणली, की मला वाटलं आता ही चीतच झाली. आन् मी टावेल उडवला. जत्रेत उडवतो तसा. खुशीत."

ग्यानोबा पुढं सरकून बसला.

"खुशीत?"

"हाव. खुशीत. ती हरली न्हाई. मी हरवली तिला. आन् वरून दोन म्हैने तुमची वाहवा घेऊन राहिलो."

आधी ग्यानोबा हसला, पोट धरून. मग सगळा मंडप. उमाशंकरनं फलकाकडे पाहिलं आणि तोही हसायला लागला. लक्ष्मम्मानं कपाळावर हात मारला. हसत नव्हती ती फक्त मंजुश्री. ती उठून बापासमोर येऊन उभी राहिली. माईक चालूच होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"अप्पा, खरं?"

"बसवण्णाची आण."

"मी दोन म्हैने रोज तो व्हिडिओ बघून राहिले. मी कुठं एवढी खचले, की माझ्या बापालाबी वाटलं ही गेली, ती जागा हुडकून राहिले. सापडतच नव्हती."

"कशी सापडल? नव्हतीच ती."

"मला वाटलं, पंचांना न्हाई दिसलं ते ठीक हाय. पण अप्पालाबी मी हरतानाच दिसले."

सिद्रामप्पांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून, पुन्हा पुन्हा. मंजुश्री तिथंच मंचाच्या कडेला बसली आणि लहान पोरीसारखी मोठ्यानं रडली. आम्ही उगाच नारळाकडे, फुलांकडे बघत बसलो. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की माझ्या पोचे पडलेल्या पातेल्यांचंही काही वाटेनासं झालं.

रडणं थांबलं आणि मंजुश्रीनं नाक पुसलं. मग मान वर केली, आणि तिचा तो जुना आवाज लागला.

"येवढी चांगली फेरी घालवली तुम्ही माझी! अक्कल हाय का जरा? तो काय जत्रंचा फड व्हता? अजून एक हाणला असता तर ती बसली असती खाली. सरांनी सांगितलं व्हतं ना गप बसा म्हणून?"

"टावेलाचं न्हाई सांगितलं," सिद्रामप्पा पुटपुटले.

"हे सांगावं लागतंय का? आं? नांदेडला येणार असाल तर बादली धरायची. दोन्ही हातांनी धरायची. बादली सोडली तर तिथंच सोडून येईन तुम्हाला, आईला सांगून ठेवते."

लक्ष्मम्मा मागून म्हणाली, "खुशाल सोड." लोक पेढ्यांकडे वळले, पण मंजुश्रीचं चालूच होतं. पहिल्या फेरीत ती दोराला का टेकली होती, त्यात काय डाव होता, तो उमाशंकरला आणि दोन पंचांना कसा कळला नाही आणि बापाला तर कशातलंच काही कळत नाही, सगळं ती सगळ्या गावासमोर, माईकवर सुनावत होती. सत्काराची शाल अंगावर घेऊन सिद्रामप्पा खाली मान घालून ऐकत होते. डोळे वाहत होते, पुसतही नव्हते.

दम घ्यायला म्हणून ती मध्येच थांबली.

"बोल गं," ते म्हणाले. "अजून बोल."